आर्मेनियातल्या डोंगरगावचं छोटं चर्च बघायला जाताय? मग हे एकदा वाचून घ्या

आर्मेनियाला फिरायला गेलेल्या आपल्या लोकांचं ठरलेलं असतं, एक दिवस गार्नी-गेघार्द, एक दिवस सेवान तलाव, एक दिवस खोर विराप आणि नोरावांक, संपलं. ही सगळी ठिकाणं भारीच आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला, पण तिथे पार्किंगमध्ये बसेस लागलेल्या असतात, मॅग्नेटचे स्टॉल असतात आणि गाइड घड्याळ दाखवून "वीस मिनिटं" म्हणतो. गावातलं साधं चर्च म्हणजे वेगळंच प्रकरण. तिथे तिकीट नसतं, बोर्ड असलाच तर गंजलेला, दाराला बऱ्याचदा कुलूप, आणि ते कुलूप उघडायचं तर गावातल्या माणसाशी बोलायला लागतं. नवखा माणूस इथेच अडतो, बाहेरून दोन फोटो काढतो आणि परत फिरतो. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे, टूरला येणाऱ्यांसाठी आणि येरेवानला मेडिकलला शिकणारी आपली जी मुलं आहेत त्यांच्यासाठी तर खासच, कारण तुमच्या हातात रविवार असतात.

उदाहरण म्हणून मी अरेनी गाव घेतोय, सोपं पडतं म्हणून. बाकी गावांतही रीत हीच.

आधी थोडं डोक्यात घालून जा

फार इतिहास नको, पण एवढं माहीत असलं की आत गेल्यावर काय बघतोय ते कळतं. आर्मेनियाने ख्रिस्ती धर्म राज्याचा धर्म म्हणून घेतला तो परंपरेनुसार इ.स. ३०१ मध्ये, राजा त्रदात तिसरा आणि संत ग्रिगोर लुसावोरिच यांच्या काळात. त्यांचं चर्च रोमच्या पोपच्या हाताखालचं नाही आणि ग्रीक-रशियन ऑर्थोडॉक्समधलंही नाही, ४५१ मध्ये काल्सेडोनला ख्रिस्ती धर्मगुरूंची जी परिषद झाली तिचे निर्णय त्यांनी मानले नाहीत, त्यामुळे इजिप्तचे कॉप्टिक, इथिओपियाचे आणि आपल्या केरळातले सीरियन ऑर्थोडॉक्स यांच्या जवळचं ते. प्रमुख धर्मगुरू म्हणजे काथोलिकोस, ते एचमियाद्झिनला बसतात. नाताळ २५ डिसेंबरला नसतो, ६ जानेवारीला असतो, हे लक्षात ठेवा, नाहीतर डिसेंबरअखेर जाऊन "इथे काहीच कसं नाही" असं व्हायचं.

आणि आपला यांच्याशी संबंध काहीच नाही असं नका समजू. आर्मेनियन व्यापारी आपल्याकडे शतकानुशतकं होते, कोलकात्याचं आर्मेनियन चर्च १७२४ चं आहे, जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझदारार' १७९४ मध्ये निघालं ते मद्रासमधून, आणि आपल्या मुंबईत फोर्टला आर्मेनियन चर्च आहेच, अठराव्या शतकाच्या शेवटचं, रोज समोरून जाणाऱ्या लोकांनाही ते माहीत नसतं. गावात कुणी विचारलं "कुठून आलात" आणि तुम्ही "ह्न्द्कास्तान" म्हणालात, म्हणजे भारत, की गप्पांना हे पुरतं. म्हातारी मंडळी मात्र त्याआधी राज कपूरचं नाव काढणार आणि मग मिथुनचं, सोव्हिएत काळात आपले पिक्चर तिकडे धो धो चालायचे.

चर्च कुठलं निवडायचं

पहिल्यांदाच जात असाल तर अगदी आडबाजूचं पडकं चर्च शोधायला जाऊ नका, असं निवडा की जे अजून वापरात आहे आणि ज्याच्या भोवती गाव जागं आहे. उत्तरेला लोरीमध्ये ओद्झूनचं चर्च आहे, देबेद नदीच्या दरीच्या वर पठारावर, इमारत तशी मोठी आहे पण गाव गावच आहे, आणि तिथून पुढे अर्दवी, जिथे आठव्या शतकातले काथोलिकोस होव्हान्नेस ओद्झ्नेत्सी यांची समाधी मानतात, ते अगदीच छोटंसं. ब्ज्नी गावात १०३१ चं चर्च आहे आणि त्याच गावात खडकावर एक पिटुकलं सातव्या शतकातलं, सर्ब सार्गिस, आत दहा माणसं उभी राहिली तर गर्दी वाटेल. कोबायरला रेल्वे स्टेशनपासून पायऱ्या चढत जायचं, दम लागतो, पण भिंतीवरची चित्रं बघण्यासारखी.

अरेनी मी का सुचवतो, तर नोरावांक मठाचा फाटा तिथेच लागतो. म्हणजे तुम्ही त्या रस्त्याने जाणारच आहात. सगळ्या गाड्या अरेनीला वाइनसाठी थांबतात आणि नोरावांकला वळतात, आणि वर टेकाडावर जे चर्च दिसतं तिकडे मान वर करून बघतात आणि निघतात. गंमत म्हणजे ज्या मोमिकचं काम बघायला लोक नोरावांकला जातात, तोच मोमिक या छोट्या चर्चचाही कारागीर, १३२१ चं बांधकाम. हा माणूस वास्तुकारही होता, दगडावर कोरीवकाम करणाराही आणि हस्तलिखितांमधली बारीक चित्रं काढणाराही. नोरावांकचं दुमजली चर्च त्याच्या हातचं शेवटचं मानतात, ते १३३९ ला पुरं झालं. अरेनीचं त्याआधीचं, साधं, एकाच दालनाचं, वर घुमट. चर्चचं नाव सर्ब अस्त्वात्सात्सिन, म्हणजे पवित्र मरियम, आणि हे नाव आर्मेनियात इतक्या चर्चना आहे की मॅपवर नुसतं नाव टाकलंत तर भलतीकडेच पोचाल, गावाचं नाव सोबत टाका.

कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला अरेनीच्या भागात ऊन असं लागतं की दुपारी दगडाला हात लावता येत नाही, आणि हिवाळ्यात लोरीसारख्या भागात बर्फामुळे आतले रस्ते अवघड होतात. लोरीत धुकं आणि पाऊस उन्हाळ्यातही धरून चला, छत्रीपेक्षा पावसाळी जॅकेट बरं.

सण बघून गेलात तर वेगळीच मजा. ऑगस्टच्या मध्याला, १५ तारखेच्या जवळच्या रविवारी, मरियमचा सण असतो आणि त्या दिवशी द्राक्षांना आशीर्वाद देतात. जुनी माणसं त्याआधी नवीन द्राक्ष तोंडात घालत नाहीत. अरेनी म्हणजे द्राक्षांचंच गाव, तिथल्या काळ्या द्राक्षाच्या जातीचं नावच अरेनी, तेव्हा हा दिवस तिथे गाठता आला तर बाकी प्लॅन बदला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वाइन फेस्टिव्हल असतो, तेव्हा गाव तुडुंब, चर्च शांतपणे बघायचं असेल तर तो वीकेंड टाळा. ईस्टरनंतर ९८ दिवसांनी वार्दावार येतो, त्या रविवारी अख्खा देश एकमेकांवर पाणी ओततो, अनोळखी माणसावरसुद्धा, बादलीने, तेव्हा मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि भिजलात तर चिडू नका. १३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात शेकोटी पेटवतात आणि नवीन लग्न झालेली जोडपी तिच्यावरून उड्या मारतात, थंडी सोसत असेल तर जरूर.

आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात गेलात तर वेदीसमोरचा पडदा बंद दिसेल, तो मुद्दाम बंद असतो, काही बिघडलेलं नाही, कुणाला उघडायला सांगू नका.

पोचायचं कसं

येरेवानहून अरेनी साधारण ११० किलोमीटर, दोन तासांच्या आसपास. येघेग्नाद्झोरच्या दिशेने जाणाऱ्या मार्शरुत्का, म्हणजे आपली वडाप समजा, अरेनीवरून जातात. ड्रायव्हरला चढतानाच गावाचं नाव सांगून ठेवा, पैसे रोख द्यायचे. परतीचं मात्र आधी विचारून ठेवा, संध्याकाळी उशिरा हायवेवर हात दाखवत उभं राहायची वेळ आणू नका.

चार जण असाल तर सरळ टॅक्सी करा. येरेवानमध्ये जीजी आणि यांडेक्स ही ॲप चालतात, पण गावात पोचून परत गाडी बुक करू म्हणाल तर गाडी मिळेलच असं नाही, म्हणून जाऊन-येऊन आणि मध्ये थांबण्याचे असे मिळून पैसे निघायच्या आधी ठरवा, आणि थांबायचा वेळ जास्तच धरा. ड्रायव्हर लोकांना वाटतं की टुरिस्ट म्हणजे चर्चला दहा मिनिटं. त्याला आधीच सांगा, एक तास तरी लागेल.

एक सूचना, हा हायवे काही ठिकाणी सीमेच्या खूप जवळून जातो, पलीकडे अझरबैजानचा नाखचिवान. तिथे वाटेत उतरून टेकड्यांवर भटकायचं नाही, ड्रोन तर अजिबात काढायचा नाही, आणि सैनिकांचे, चौक्यांचे फोटो नकोत.

पिशवीत काय असावं

सुट्टे पैसे, सगळ्यात आधी. १०० आणि २०० ड्रामची (ड्राम म्हणजे तिथलं चलन) नाणी जपून ठेवा, मेणबत्तीला लागतात आणि गावात कार्ड चालत नाही. बायकांनी एक ओढणी किंवा स्टोल घ्यावा. नुसतं बघायला जाणाऱ्या बाईला डोकं झाकलं नाही म्हणून कुणी हाकलत नाही, पण प्रार्थना चालू असेल तर बायका झाकतात, आणि तुम्ही झाकलंत तर म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो. पुरुषांचं उलट, टोपी काढायची, गॉगलही डोक्यावर नको. शॉर्ट्स घालून जाऊ नका. बूट चांगल्या पकडीचे घ्या, टेकाडावरच्या वाटेवर खडी सरकते. बारीक टॉर्च ठेवा, आत खिडक्या अगदी चिंचोळ्या असतात. पाण्याची बाटली घ्याच, पण वाटेत दगडी नळ लागतात, त्यांचं पाणी लोक सर्रास पितात, बाटली तिथे भरून घ्या.

आणि काहीतरी देण्यासारखं ठेवा, चिक्कीचं पाकीट, चहापत्ती, काहीही. कशाला ते पुढे येतंच.

कुलूप आणि किल्ली

आता महत्त्वाचं. गावातल्या चर्चला रोज पुजारी नसतो, एकाच पुजाऱ्याकडे कितीतरी गावं असतात, आणि किल्ली गावातच कुणाकडे तरी असते. दार बंद दिसलं की परत फिरू नका, चर्चच्या सगळ्यात जवळच्या घरी जा किंवा गावातल्या दुकानात विचारा. कंपाउंडच्या बाहेरूनच आवाज द्या, थेट फाटक उघडून आत शिरू नका (कुत्रं असतं). आधी "बरेव द्झेझ", म्हणजे नमस्कार, आणि मग "येकेघेत्सू बनालीन उम मोत ए?", चर्चची किल्ली कुणाकडे आहे. उच्चार चुकला तरी चालतो, हाताने किल्ली फिरवल्याचा अभिनय केला तरी समजतं. गावात इंग्लिश कमी चालतं, रशियन जास्त, फोनवर रशियन आणि आर्मेनियन दोन्ही भाषांचं ट्रान्सलेशन आधीच डाउनलोड करून ठेवा, दरीत नेटवर्कचा भरवसा नसतो.

मग काय होतं, तर कुणीतरी पोरगं धावत पाठवलं जातं, ते एखाद्या आजीला घेऊन येतं, आजीच्या एप्रनच्या खिशात हातभर लांबीची किल्ली. या आजीला तिच्या चालीने चालू द्या. पुढे पळून दारात उभं राहायचं नाही. तीच तुमची गाइड, भाषा कळली नाही तरी ती बोट दाखवते तिकडे बघा, कारण बहुतेक वेळा ती नेमकं तेच दाखवते जे तुम्ही चुकवलं असतं. निघताना तिच्या हातात पैसे कोंबू नका, बऱ्याच जणींना ते अपमानाचं वाटतं. मेणबत्त्या जास्तीच्या घ्या आणि आत दानपेटी असेल तर तिच्यात टाका, चिक्की मात्र हातात द्या, ती चालते.

दारातून आत

चप्पल काढायची नाही. आपल्या लोकांचा हात आपोआप बुटाच्या लेसकडे जातो, पण तिथे बूट घालूनच आत जातात, दगडाची फरशी बर्फासारखी असते.

उंबऱ्यात आणि जमिनीत कोरलेल्या शिळा दिसतील, त्यातल्या पुष्कळ थडग्यांच्या आहेत. जुन्या काळी मोठी माणसं मुद्दाम दाराशी पुरून घ्यायची, लोकांनी आपल्यावरून चालत जावं म्हणून, तो नम्रपणाचा भाग. पाय पडला तर दचकू नका, फक्त वर बसू नका आणि बॅगा टेकवू नका.

मेणबत्त्या दाराजवळ असतात, बारीक, पिवळ्या, काडीसारख्या. पैसे डब्यात टाकायचे, हव्या तेवढ्या उचलायच्या. लावायच्या त्या वाळूच्या किंवा पाण्याच्या ट्रेमध्ये, दुसऱ्याच्या पेटत्या मेणबत्तीवरून पेटवून. भिंतीच्या कपारीत किंवा कोरीव दगडावर चिकटवू नका, स्थानिक लोक लावतात म्हणून तुम्हीही लावायची असं नाही, त्या काजळीने कितीतरी नक्षी काळी पडलीये. दुसऱ्याची मेणबत्ती विझवायची नाही, फोटोत मध्ये येत असली तरी.

समोर उंच ओटा दिसतो, त्याच्यावर वेदी, बाजूला ओढलेला पडदा. त्या ओट्यावर चढायचं नाही, लहान मुलांना तर आधीच सांगून ठेवा, त्यांना तो स्टेज वाटतो. क्रूसाची खूण तुम्ही केलीच पाहिजे असं कुणी म्हणत नाही, हात जोडून उभे राहिलात तरी छान. बाहेर पडताना बघा, लोक वेदीकडे पाठ न करता उलट पावली दारापर्यंत येतात. तुम्हीही तसं करा, पण मागे उंबरा आहे हे विसरू नका, उंच असतो.

फोटोसाठी "न्कारेल करेली ए?" विचारा, बहुतेक हो म्हणतात. फ्लॅश नको. मेणबत्ती लावून रडणाऱ्या बाईचा फोटो कितीही सुंदर येणार असला तरी नको.

आता नीट बघायचं काय

इथे घाई करू नका, यासाठीच तर आलात. बाहेरून सुरुवात करा आणि एक पूर्ण फेरी मारा. भिंती जाडजूड दिसतात पण त्या अखंड दगडाच्या नाहीत, बाहेरून एक तासलेल्या दगडांचा थर, आतून एक, आणि मध्ये चुन्यात कालवलेला दगडगोट्यांचा भराव. भूकंपाच्या देशात अशा भिंती शतकानुशतकं टिकल्या, अर्थात सगळ्या नाही, अरेनीच्या चर्चचा घुमट १८४० च्या भूकंपात पडला आणि नंतर पुन्हा बांधला. वरच्या भागाचे दगड आणि खालचे दगड जरा निरखून बघा, कापणीत आणि रंगात फरक कुठे सुरू होतो ते डोळ्यांना सापडायला लागतं.

मग पश्चिमेच्या दारावरची कमान. अरेनीला इथे मोमिकने मरियम आणि बाळ येशू कोरलेत. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन तिरकं या दगडावर येतं तेव्हा कपड्याच्या चुण्या उठून दिसतात, सकाळी तेच शिल्प सपाट वाटतं. म्हणून नोरावांक आधी करा आणि अरेनीचं चर्च परतीच्या वाटेवर ठेवा, टूरवाले करतात त्याच्या उलट. दगड सुद्धा मऊ हाताने कोरल्यासारखा, मरियमच्या भोवतीच्या वेलींचे धागे एकमेकांच्या वरून-खालून जातात, एक धागा बोटाने हवेतच धरून शेवटपर्यंत नेऊन बघा (हात लावायचा नाही), मजा येते. आत गेल्यावर घुमटाच्या खाली चार कोपऱ्यांत वर बघा, चार शुभवर्तमानकारांची, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची, चिन्हं कोरलीयेत, टॉर्च इथे कामाला येतो.

खाचकार, म्हणजे क्रूस कोरलेले उभे दगड, आर्मेनियात जागोजागी दिसतील, २०१० मध्ये ही कला युनेस्कोच्या यादीत गेली. क्रूसावर येशूचं शरीर क्वचितच असतं, त्याऐवजी क्रूसाच्या बुंध्यातून पानं फुटलेली असतात, झाडासारखी. कोरलेली बाजू बहुतेक पश्चिमेकडे असते, म्हणजे त्याच्यासमोर प्रार्थनेला उभा राहणारा माणूस पूर्वेकडे तोंड करून असतो. आसपासच्या जुन्या थडग्यांवरही बघत चला, आर्मेनियातल्या जुन्या थडग्यांवर घोडा, जेवणाचं ताट, कारागिराची हत्यारं असं काय काय कोरलेलं सापडतं.

आणि हे माझं सगळ्यात आवडतं, भिंतीवरची सालं वाचणं. आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्स यांनी साधारण ४०५ मध्ये तयार केली, मूळ ३६ अक्षरं, आणि हीच अक्षरं आकडे म्हणूनही वापरायचे. पहिली नऊ अक्षरं म्हणजे १ ते ९, पुढची नऊ म्हणजे १० ते ९०, त्यापुढची नऊ १०० ते ९००, शेवटची नऊ १००० ते ९०००. निघायच्या आधी फोनमध्ये अक्षरांचा तक्ता सेव्ह करा. भिंतीवरच्या शिलालेखात साल शोधायचं, अक्षरांची बेरीज करायची आणि त्यात ५५१ मिळवायचे, कारण त्यांची जुनी कालगणना इ.स. ५५२ पासून मोजतात. म्हणजे बेरीज ७७० आली तर १३२१. मुलं बरोबर असतील तर त्यांना या कामाला लावा, पुढचा अर्धा तास कुणी "बोअर होतंय" म्हणणार नाही.

कुणी आत नसेल तर घुमटाच्या बरोबर खाली उभं राहून हळू आवाजात काहीतरी गुणगुणा. अभंग चालतो. आजी असेल तर तिला आधी खुणेने विचारा, बहुतेक ती मान डोलावते आणि मग स्वतःही काहीतरी म्हणते.

भिंतीवर कुठे खिळ्यांची भोकं, तेलाचे डाग असं दिसलं तर आश्चर्य नको, सोव्हिएत काळात कितीतरी गावांतली चर्च गोदामं झाली होती, धान्य, खत, अवजारं, काहीही ठेवायचे.

रविवारी गेलात तर

सगळ्या छोट्या चर्चमध्ये दर रविवारी पूजा होत नाही, आदल्या दिवशी विचारून घ्या. त्यांची मुख्य प्रार्थना म्हणजे पताराग, सकाळची, चांगली लांबलचक, आणि ती ग्राबार या जुन्या भाषेत, म्हणजे आजूबाजूच्या गावकऱ्यांनाही सगळं कळत नसतं, तुम्हीच एकटे नाही. मागे उभे राहा. सगळे बसले की बसा, उठले की उठा, गुडघे टेकले तर तुम्ही नुसतं मान खाली घालून उभे राहिलात तरी चालतं. मध्येच निघायचं असेल तर पडदा बंद असतानाच्या किंवा गाण्याच्या वेळी हळूच निघा.

प्रसादाची जी मुख्य रांग लागते, वाइनमध्ये भिजवलेल्या भाकरीची, तिच्यात उभं राहायचं नाही, ती बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. शेवटी मात्र आशीर्वाद दिलेल्या पातळ भाकरीचे तुकडे वाटतात, ते कुणी तुमच्या हातात ठेवले तर घ्या. पुजाऱ्याला "तेर हाय्र" म्हणतात. बोलायची इच्छा असेल तर सगळं आटपल्यावर अंगणात गाठा.

अंगणात मेंढी किंवा कोंबडा बांधलेला दिसला तर समजा आज कुणाचं तरी मताघ आहे. आपल्याकडे नवस फेडायला बोकड असतो ना, बरंचसं तसंच, आजारातून उठलं, पोरगं सैन्यातून सुखरूप परत आलं, की करतात. पुजारी मिठाला आशीर्वाद देतो, ते मीठ आधी जनावराला चाटवतात, मग मांस नुसतं मीठ घालून उकडतात आणि वाटतात. घरी नेऊन साठवायचं नसतं, वाटूनच संपवायचं. तुम्हाला बोलावणार म्हणजे बोलावणारच. शाकाहारी असाल तर तोंड वाकडं करू नका, छातीवर हात ठेवून "श्नोरहाकालुत्युन" म्हणा आणि लवाश उचला, ती पातळ मोठी रोटी, कुणाला वाईट वाटत नाही.

कॉफी, आणि त्यातून सुटका

किल्लीवाल्या आजीने "सूर्च" म्हटलं की कॉफी आली. छोट्या कपात, घट्ट, तळाशी गाळ, गाळ प्यायचा नाही. पहिल्यांदा नको म्हटलंत तर ती ऐकत नाही, दुसऱ्यांदा नको म्हटलंत तरी ऐकत नाही, तेव्हा वेळ धरूनच या. कॉफीबरोबर सुकवलेली जर्दाळू, अक्रोड, चीज, गाता नावाचा गोड पाव येतो, आणि घरात आजोबा असले तर तुतीची घरगुती दारू येते. ती पाण्यासारखी दिसते, पाण्यासारखी प्यायची नाही. ज्याला गाडी चालवायचीये त्याने स्टिअरिंग फिरवल्याची खूण करायची, तेवढं कारण मान्य होतं. इथे तुमची चिक्की बाहेर काढा.

जेवायचं असेल तर "अरांत्स म्सी" म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. उपवासाची तोलमा मिळाली तर नक्की घ्या, कोबीच्या पानात कडधान्यं गुंडाळलेली, थंडच खातात. पालेभाज्या भरलेली झेंग्यालोव हात्स तर आपल्याला लगेच आवडते, पराठ्याची सवय असल्यामुळे.

कुत्री, साप, आणि ती कोकची बाटली

मेंढरांचा कळप दिसला तर लांबून वळसा घाला. राखणीला गाम्प्र कुत्री असतात, वासराएवढी, त्यांना लाड कळत नाहीत. अंगावर आलीच तर पळू नका, जागेवर उभे राहा आणि मेंढपाळाला हाक मारा. अरेनीच्या बाजूच्या कोरड्या खडकाळ भागात उन्हाळ्यात विषारी साप असतात, पडक्या भिंतींच्या फटीत हात घालू नका, उंच गवतात सँडलने फिरू नका. टेकाडाच्या कडेला कठडा असेलच असं नाही, सेल्फी घेताना मागे सरकू नका.

खाली उतरल्यावर वेळ उरला तर जवळच अरेनीची गुहा आहे, तिथे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा बूट सापडला आणि सहा हजार वर्षांपूर्वीची वाइन करायची जागा, बूट आता येरेवानच्या इतिहास म्युझियममध्ये आहे.

रस्त्याच्या कडेच्या टपऱ्यांवर वाइन कोका-कोलाच्या प्लॅस्टिक बाटल्यांत भरून ठेवलेली दिसेल. हा रस्ता पुढे इराणला जातो, तिथे दारूबंदी, म्हणून तिकडच्या ट्रकवाल्यांच्या सोयीसाठी ही आयडिया, असं सगळेच हसून सांगतात. चाखून मगच घ्या, दर टपरीची चव वेगळी, डाळिंबाची वाइन गोड असते आणि ज्यांना वाइनची सवय नाही त्यांना तीच आवडते. पण ही प्लॅस्टिकची बाटली येरेवानमध्येच संपवा. घरी न्यायची असेल तर काचेची सीलबंद घ्या, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका, हँडबॅगेत ठेवलीत तर सिक्युरिटीला काढून घेतील, आणि कस्टम्सची माणशी दोन लिटरची मर्यादा लक्षात ठेवा.